प्रसिद्ध माणसाचा पत्ता



१९८९ सालच्या जुलै महिन्याच्या १८ तारखेस, सकाळच्या प्रहरीं, अमेरिकेंतील लॉस एंजेलिस शहरांत एका घराची घंटा वाजली. तेथें रेबेका शेफर नांवाची एकवीस वर्षांची नटी बिऱ्हाड करून राहत होती. १९८६ ते १९८८ या काळांत दूरचित्रवाणीवर चाललेल्या 'माय सिस्टर सॅम' या मालिकेंत तिनें धाकट्या बहिणीचें काम केलें होतें आणि त्यामुळें तिचा चेहरा घरोघर ओळखीचा झाला होता. त्या दिवशीं एका चित्रपटाची संहिता तिच्याकडे पोंचावयाची होती. दारावर कोण आलें आहे हें घरांतूनच विचारण्याचें यंत्र बिघडलेलें होतें, म्हणून ती स्वतःच दाराशीं आली. बाहेर एक अनोळखी तरुण उभा होता. तो तिचा चाहता होता. त्यानें पूर्वीं तिला पत्रें लिहिलीं होतीं आणि तिच्याकडून त्याला उत्तरही गेलें होतें. ती त्याच्याशीं सौजन्यानें चार शब्द बोलली, आणि पुन्हां येऊं नका असें सांगून तिनें त्याला निरोप दिला. तासाभरानें तो परत आला. पुन्हां घंटा वाजली, पुन्हां तिनेंच दार उघडलें, आणि त्यानें तिच्यावर गोळी झाडून तिचा प्राण घेतला.

या तरुणाला तिच्या घराचा पत्ता कोणीं दिला? या प्रश्नाचें उत्तर मोठें साधें होतें, आणि म्हणूनच तें भयंकर होतें. १९८७ सालीं हा तरुण तिला भेटण्यासाठीं स्टुडिओच्या फाटकापाशीं गेला होता. तेथील पहारेकऱ्यांनीं त्याला परत पाठविलें. ते आपल्या कामांत चुकले नाहींत. पुढें त्यानें ॲरिझोना राज्यांतील टूसॉन शहरीं एका खासगी गुप्तहेर-कचेरीस अडीचशें डॉलर दिले, आणि त्या कचेरीनें कॅलिफोर्नियाच्या मोटारवाहन खात्याच्या दप्तरांतून तिचा पत्ता मिळवून दिला. मोटार चालविण्याचा परवाना घ्यावयाचा तर आपला पत्ता सरकारास द्यावाच लागतो. आणि त्या काळच्या पद्धतीप्रमाणें किरकोळ शुल्क भरणाऱ्यास तो पत्ता त्या दप्तरांतून मिळूं शकत असे. म्हणजे जें फाटक राखावयाचें तें राखलें गेलें. परंतु ज्या कपाटाला कुलूप असावें असें कोणाच्या मनांतही आलें नव्हतें, तें कपाट उघडें राहिलें.

यापूर्वीं सात वर्षें त्याच शहराच्या परिसरांत असाच एक प्रसंग घडून गेला होता. थेरेसा साल्डाना ही नटी १९८० सालच्या 'रेजिंग बुल' या चित्रपटांत झळकली होती. स्कॉटलंडहून आलेल्या एका मनुष्यानें तिला पडद्यावर पाहून तिचा ध्यास घेतला. त्यानेंही खासगी गुप्तहेराकडून शोध करविला; परंतु त्याच्या हातीं तिचा नव्हे, तर तिच्या आईचा दूरध्वनि-क्रमांक आला. त्यानें त्या बाईंना दूरध्वनि केला आणि आपण प्रख्यात दिग्दर्शक मार्टिन स्कोर्सेसी यांचे साहाय्यक आहों, आपल्या कन्येस एका कामासाठीं तातडीनें गांठावयाचें आहे, अशी थाप मारली. मुलीचें भाग्य उघडत आहे अशा समजुतीनें आईनें पत्ता सांगितला. १९८२ च्या १५ मार्च रोजीं त्या मनुष्यानें साल्डानावर तिच्या घराबाहेर, दिवसाढवळ्या, चाकूचे अनेक वार केले. त्या भागांत माल पोंचविण्यासाठीं आलेल्या एका इसमानें धांव घेऊन हल्लेखोरास आवरलें, म्हणूनच ती वांचली. पुढें तिनें अशा हल्ल्यांस बळी पडलेल्या लोकांसाठीं एक संस्था काढली, आणि २०१६ पर्यंत ती हयात होती. गुप्तहेराकडून पत्ता काढण्याची ही युक्ति रेबेका शेफरच्या मारेकऱ्यानें साल्डानाच्या हकीकतीवरूनच उचलली होती.

या दोन हकीकती शेजारीं शेजारीं ठेवून पाहिल्या म्हणजे एक गोष्ट ध्यानांत येते. पत्ता त्या नटींकडून कोणीं चोरला नव्हता. ज्यांच्यापाशीं तो विश्वासानें दिलेला होता, त्यांच्याकडून तो गेला. एकीचा सरकारी दप्तरांतून, दुसरीचा आईच्या तोंडून. दप्तर संभाळणाऱ्या नोकराला त्या मुलीचें वाईट व्हावें अशी इच्छा नव्हती; आणि आईच्या बाबतींत तर तसें मनांत आणणें हेंही पाप. एकानें रीत पाळली, दुसरीनें माया केली. प्रसिद्ध माणसांचे पत्ते आणि क्रमांक बाहेर फुटतात ते बहुधा असेच फुटतात. कपटी मनुष्य शेवटीं येतो. त्याच्या आधीं दोन-चार भले लोक त्याला वाट दाखवून मोकळे झालेले असतात.

आपल्याकडील एक साधें उदाहरण घ्यावें. प्रत्येक शाळेच्या कचेरींत जनरल रजिस्टर नांवाची जाडजूड वही असते आणि तिच्या जोडीला प्रवेश-अर्जांची चळत असते. मुलाची जन्मतारीख, पालकांचें नांव, राहण्याचें ठिकाण, सारें त्यांत नोंदलेलें असतें. एखादा अनोळखी गृहस्थ येऊन सातवींतल्या अमक्या मुलीचें घर कोठें आहे म्हणून विचारूं लागला, तर हेडमास्तर आणि कारकून तर राहोतच, शाळेचा शिपाईसुद्धां त्याला आधीं विचारील, "आपण तिचे कोण?" हा प्रश्न त्याला कोणत्याही कायद्यानें शिकविलेला नसतो. परंतु तीच मुलगी पुढें मोठी होऊन नटी झाली, गायिका झाली किंवा खेळांत नांव काढून बसली, कीं तिचें घर विचारणाऱ्या मनुष्याला "आपण तिचे कोण?" हा प्रश्न कोणीच विचारीनासा होतो. "चाहता आहे बिचारा" असें म्हणून जो तो त्याला गल्ली दाखवितो. कीर्तीमुळें माणसाचें नांव सर्वांचें होतें हें खरें. पण त्याबरोबर त्याचें दारही सर्वांचें झालें, अशी एक समजूत लोकांच्या मनांत नकळत घर करून बसते. सगळ्या अनर्थाचें मूळ या समजुतींत आहे.

रेबेका शेफरच्या मृत्यूनंतर कॅलिफोर्नियानें १९९० सालीं एखाद्या व्यक्तीचा सतत पाठलाग करून तिला भयभीत करणें हा स्वतंत्र गुन्हा ठरविणारा कायदा केला. असा कायदा करणारें तें अमेरिकेंतील पहिलें राज्य होय. १९९४ सालीं मध्यवर्ती सरकारनेंही कायदा करून मोटारवाहन खात्यांच्या दप्तरांतील खासगी माहिती कोणास द्यावी व कोणास देऊं नये याला बंधन घातलें. दोन्ही कायदे चांगलेच होते. परंतु 'बैल गेला आणि झोपा केला' ही म्हण आठवल्यावांचून राहत नाहीं.

त्या काळीं निदान एवढी तरी अडचण होती कीं, पत्ता मिळविण्यासाठीं कोणास तरी गांठावें लागे, पैसे मोजावे लागत आणि वाट पाहावी लागे. तेवढ्या अवधींत एखाद्याचें डोकें ताळ्यावर येण्याचा संभव असे. इंटरनेटनें ती अडचण दूर केली आहे. आतां कागद कपाटांतून काढावा लागत नाहीं. त्याचें छायाचित्र काढून बोट टेकविलें कीं तो क्षणांत सहस्रावधि लोकांच्या हातीं पडतो, आणि एकदां गेलेला परत घेतां येत नाहीं. आणि हें करणाऱ्याच्या मनांत दुष्ट हेतु असलाच पाहिजे असेंही नाहीं.

मार्च २०१७ मध्यें झारखंडांतील रांची येथें जें घडलें तें याचा उत्तम दाखला आहे. सुप्रसिद्ध क्रिकेटपटु महेंद्रसिंग धोनी यांच्या कुटुंबानें आधार-नोंदणीच्या कामासाठीं एका सेवाकेंद्राची मदत घेतली. एवढा मोठा खेळाडू आपल्या हातून नोंद करून गेला याचा अभिमान कोणास वाटणार नाहीं? त्या अभिमानाच्या भरांत खेळाडूच्या छायाचित्राबरोबर त्यांची खासगी माहिती असलेल्या अर्जाचेंही चित्र ट्विटरवर प्रसिद्ध झालें. धोनी यांच्या पत्नी साक्षी यांनीं त्या वेळचे माहिती-तंत्रज्ञान मंत्री रविशंकर प्रसाद यांच्याकडे तेथेंच जाहीर तक्रार केली. तें चित्र काढून टाकण्यांत आलें आणि आधार प्राधिकरणानें त्या केंद्रचालकास दहा वर्षांसाठीं काळ्या यादींत घातलें. येथें कोणीं लांच खाल्ली नाहीं, कोणीं कुलूप फोडलें नाहीं. घरीं आलेल्या थोर पाहुण्याचें कौतुक चारचौघांस सांगावें, अशी जी आपली जुनी हौस, तीच येथें नडली. फरक इतकाच कीं, पूर्वींचे चारचौघे ओटीवर बसलेले असत. आतांचे चारचौघे कोण आणि किती, हें सांगणाऱ्यासही ठाऊक नसतें.

दुसरा दाखला २०१८ सालचा आहे आणि तो जरा निराळा आहे. दूरसंचार नियामक प्राधिकरणाचे त्या वेळचे अध्यक्ष आर. एस. शर्मा यांनीं जुलै महिन्याच्या अखेरीस आपला बारा आंकडी आधार-क्रमांक स्वतःच ट्विटरवर जाहीर केला आणि त्यावरून आपलें कांहीं नुकसान करून दाखवा, असें लोकांस आव्हान दिलें. पाहतां पाहतां लोकांनीं त्यांचा मोबाइल क्रमांक, पत्ता, जन्मतारीख इत्यादि गोष्टी शोधून पुढें मांडल्या. एकानें तर त्यांच्या खात्यांत एक रुपया भरून दाखविला. आपलें नुकसान झालेलें नाहीं, असें शर्मा यांचें म्हणणें होतें; आणि ही माहिती आधारच्या भांडारांतून फुटलेली नसून ती इतरत्र अगोदरच उपलब्ध होती, असा प्राधिकरणाचा खुलासा होता. दोन्ही म्हणणीं मान्य केलीं तरी एक बोध उरतोच. एका ठिकाणीं जन्मतारीख असते, दुसरीकडे पत्ता असतो, तिसरीकडे क्रमांक असतो. सुटे सुटे असतांना ते निरुपद्रवी भासतात. पण फुटलेल्या खापराचे तुकडे जुळवून जसा संपूर्ण घट उभा करतां येतो, तशीच ही माहितीही जुळवितां येते. आणि जुळविणाऱ्यास त्यासाठीं घराबाहेर पाऊल टाकावें लागत नाहीं. आपला आधार-क्रमांक असा जाहीर करूं नये, अशी सूचना त्यानंतर प्राधिकरणानेंच लोकांस दिली.

कोणी म्हणेल, "हीं सारीं मोठ्या लोकांचीं दुखणीं, आम्हां सामान्यांस त्यांचें काय?" परंतु प्रसिद्ध माणसाच्या दाराकडे लोटलेली गर्दी पुष्कळदां चुकून शेजाऱ्याच्या दारावर आदळते. २०२४ सालीं 'अमरन' हा तमिळ चित्रपट गाजला. त्यांत साई पल्लवी या नटीच्या पात्राचा म्हणून एक मोबाइल क्रमांक पडद्यावर दिसत होता. तो क्रमांक वस्तुतः चेन्नईंतील एका अभियांत्रिकी विद्यार्थ्याचा होता. नटीशीं बोलण्यास उत्सुक असलेल्या प्रेक्षकांचे त्याला इतके दूरध्वनि येऊं लागले कीं त्याचा अभ्यास आणि झोंप दोन्ही उडालीं. त्यानें निर्मात्यांस वकिलामार्फत नोटीस देऊन १ कोटी १० लक्ष रुपयांची भरपाई मागितली. पुढें निर्मात्यांनीं क्षमा मागितली व चित्रपटांतील तो क्रमांक पुसट केला. क्रमांक बदलून टाकावा म्हटलें तरी तें आतां सोपें राहिलेलें नाहीं. बँकेचें खातें, सरकारी नोंदी, कचेरीचीं कामें, सारें त्या दहा आंकड्यांना बांधलेलें असतें. अमेरिकेंतही २००३ सालीं 'ब्रूस ऑलमायटी' या विनोदी चित्रपटांत परमेश्वराचा म्हणून एक क्रमांक दाखविला होता. निरनिराळ्या गांवीं ज्यांच्याकडे तो क्रमांक होता त्यांना देवाची चौकशी करणारे दूरध्वनि येऊं लागले, आणि घरीं पाहावयाच्या प्रतींत तो क्रमांक बदलावा लागला.

याहून गंभीर प्रकार २०१२ सालचा आहे. त्या वर्षीं फेब्रुवारींत फ्लॉरिडांतील सॅनफर्ड गांवीं ट्रेव्हॉन मार्टिन हा सतरा वर्षांचा निःशस्त्र कृष्णवर्णी मुलगा गोळी लागून मेला. साऱ्या अमेरिकेंत संताप उसळला. प्रख्यात चित्रपट-दिग्दर्शक स्पाइक ली यांनीं गोळी झाडणाऱ्याचा म्हणून एक पत्ता ट्विटरवरील आपल्या असंख्य अनुयायांस पुढें पाठविला. तो पत्ता चुकीचा होता. त्या घरीं सत्तरीच्या घरांतील एक जोडपें राहत होतें. त्या बिचाऱ्यांचा त्या घटनेशीं कांहींएक संबंध नव्हता. धमक्या आणि पत्रकारांचा ससेमिरा यांमुळें त्यांना घर सोडून हॉटेलांत आसरा घ्यावा लागला. ली यांनीं क्षमा मागितली व भरपाईही दिली. स्वतः प्रसिद्धीच्या झोतांत वावरणाऱ्या, घराच्या आडपडद्याची किंमत जाणणाऱ्या माणसाच्या हातून हें घडलें, हें विशेष आहे. संताप न्याय्य होता; परंतु न्याय्य संतापालाही दुसऱ्याचें दार वाटून टाकण्याचा अधिकार मिळत नाहीं. आणि पत्ता खरा निघाला असता तरी हाच निवाडा द्यावा लागला असता.

आतां एका आक्षेपाचा विचार केला पाहिजे. कारण तो केवळ वितंडवाद नव्हे. नट, खेळाडू आणि पुढारी हे लोकांच्या जिवावर मोठे होतात. प्रसिद्धि मिळविण्यासाठीं ते स्वतःच धडपडतात. मग लोकांनीं घराशीं गर्दी केली तर त्यांनीं तक्रार कां करावी? शिवाय पुढाऱ्याचा ठावठिकाणा लोकांस ठाऊक नसेल, तर गाऱ्हाणें न्यावयाचें कोठें?

या आक्षेपांत अर्धें सत्य आहे, आणि तें वेगळें काढून घेतलें पाहिजे. ज्यानें जें काम लोकांसाठीं स्वीकारलें, त्या कामापुरता त्याच्यावर लोकांचा हक्क आहे. आमदाराची कचेरी कोठें आहे, तो तेथें केव्हां भेटतो, त्याची कारकीर्द कशी झाली, हें जाणण्याचा मतदारास अधिकार आहेच. सर्वोच्च न्यायालयानें १९९४ सालीं आर. राजगोपाल यांच्या खटल्यांत हीच रेघ आंखून दिली. आपलें घर, कुटुंब, विवाह, मुलेंबाळें यांविषयीं प्रत्येक नागरिकास एकान्ताचा हक्क आहे. मात्र सार्वजनिक नोंदींतील गोष्टींविषयीं आणि अधिकाऱ्यानें अधिकारपरत्वें केलेल्या कृत्यांविषयीं लिहिण्या-बोलण्यास सामान्यतः मज्जाव नाहीं, असें त्या निर्णयाचें सार आहे. पुढें कर्नाटक उच्च न्यायालयाचे निवृत्त न्यायमूर्ति के. एस. पुट्टस्वामी यांनीं दाखल केलेल्या प्रकरणांत, २४ ऑगस्ट २०१७ रोजीं, नऊ न्यायमूर्तींनीं एकमतानें खासगीपणा हा राज्यघटनेनें दिलेला मूलभूत हक्क असल्याचें जाहीर केलें. तो हक्क प्रसिद्ध माणसाला नाहीं, असें त्यांत कोठेंही म्हटलेलें नाहीं.

मुंबईंत जुहूच्या 'जलसा' बंगल्यासमोर अनेक वर्षें रविवारीं अमिताभ बच्चन यांच्या दर्शनासाठीं लोक जमत आले, आणि वांद्र्याच्या 'मन्नत'समोर शाहरुख खान यांच्या वाढदिवशीं गर्दी उसळते. हीं घरें साऱ्या शहरास ठाऊक आहेत. पण येथें भेटीची वेळ आणि अंतर यजमानानें ठरविलेलें असतें, आणि मध्यें भक्कम फाटक व पहारा असतो. इतकें असूनही अशा जगजाहीर घरांस धोका नसतो असें नाहीं. १४ एप्रिल २०२४ रोजीं वांद्र्यांतच सलमान खान यांच्या इमारतीवर मोटारसायकलीवरून आलेल्या दोघांनीं गोळ्या झाडल्या. मग ज्यांच्यापाशीं पहाऱ्याला पैसा नाहीं त्यांचें काय? एखादी मुलगी एका मालिकेंतून नुकतीच लोकांसमोर येते. तिचें नांव एका महिन्यांत घरोघर होतें, पण ती अजून भाड्याच्या खोलींत राहत असते आणि दाराची घंटा वाजली कीं स्वतःच उठून जाते. कीर्ति आधीं येते आणि पहारा मागाहून येतो. या दोहोंच्या मधला काळ सर्वांत धोक्याचा. रेबेका शेफर त्या काळांतच गेली.

याच्या उलट बाजूचें चित्रही पाहण्याजोगें आहे. मराठी वृत्तपत्रांत आणि दिवाळी अंकांत लेखाच्या खालीं लेखकाचा पत्ता वा दूरध्वनि-क्रमांक छापण्याची पद्धत आहे. वाचकांचीं पत्रें येतात, मतभेद होतात, स्नेह जुळतात. ही पद्धत वाईट आहे असें कोणी म्हणणार नाहीं. कारण तेथें लेखकानें आपला पत्ता स्वखुषीनें आणि एका विशिष्ट कारणासाठीं दिलेला असतो. तोच पत्ता कोणी धमकीसाठीं वापरला किंवा धमकी देणाऱ्यांच्या हातीं दिला, तर पत्ता तोच राहतो, पण त्यामागची संमति नष्ट झालेली असते. पत्ता गुप्त होता कीं नव्हता, हा खरा प्रश्नच नव्हे. तो कोणत्या कामासाठीं दिला होता आणि कोणत्या कामासाठीं वापरला, हा प्रश्न आहे.

२०२३ सालीं आपल्या देशांत वैयक्तिक माहितीच्या संरक्षणाचा जो कायदा झाला, त्याच्या मुळाशीं हेंच तत्त्व आहे. ज्या कारणासाठीं माहिती मागितली त्याच कारणासाठीं ती वापरावी, आणि काम संपल्यावर ती पुसावी, अशी त्याची सर्वसाधारण दिशा आहे. त्याचे नियम नोव्हेंबर २०२५ मध्यें प्रसिद्ध झाले आणि कायदा टप्प्याटप्प्यानें अंमलांत आणण्याचें ठरलें. परंतु एखाद्यानें स्वतःच लोकांसमोर ठेवलेल्या माहितीस हा कायदा लागू नाहीं. तसेंच एखादी व्यक्ति केवळ वैयक्तिक वा घरगुती कारणासाठीं जी माहिती वापरते तीही त्याच्या कक्षेबाहेर ठेविलेली आहे. पाठलागाविषयींचा गुन्हा आपल्या फौजदारी कायद्यांत २०१३ सालीं आला आणि १ जुलै २०२४ पासून तो भारतीय न्याय संहितेच्या ७८ व्या कलमांत आहे. एखाद्या स्त्रीनें स्पष्ट नकार दर्शविला असतांही वारंवार तिच्याशीं संपर्क साधूं पाहणाऱ्या पुरुषास त्यामुळें शिक्षा होते. पण हा कायदा पाठलाग सुरू झाल्यानंतर जागा होतो. त्याच्या आधींची पायरी, म्हणजे क्रमांक एका हातांतून दुसऱ्या हातांत जाण्याची, पुष्कळदां घरांत, दुकानांत आणि कचेरींतच घडते. तेथें शिपाई नसतो, फक्त माणसाची रीतभात असते.

ही पायरी किती घसरडी आहे हें २०१७ सालच्या फेब्रुवारींत उत्तर प्रदेशांतून आलेल्या एका बातमीनें दाखवून दिलें. मोबाइलमध्यें पैसे भरून देणाऱ्या कांहीं दुकानांतून तेथें येणाऱ्या मुलींचे क्रमांक पन्नास रुपयांपासून पांचशें रुपयांपर्यंत विकले जात असल्याचें वृत्तपत्रांत प्रसिद्ध झालें. त्या मुली नटी नव्हत्या, खेळाडू नव्हत्या. त्यांनीं दुकानाच्या वहींत आपला क्रमांक लिहिला होता, एवढाच त्यांचा अपराध. ज्या समाजांत प्रसिद्ध स्त्रीचा क्रमांक मिळविणें हा पराक्रम समजला जातो, त्या समाजांत सामान्य स्त्रीचा क्रमांक हा विक्रीचा माल होण्यास वेळ लागत नाहीं. दोन्ही ठिकाणीं दृष्टि एकच असते.

म्हणून प्रत्येक सुशिक्षित कुटुंबानें आपणही कोणाच्या तरी पत्त्याचे विश्वस्त आहों हें ओळखलें पाहिजे. इमारतीच्या फाटकावरील वहींत येणाऱ्या-जाणाऱ्यांचीं नांवें व क्रमांक उघडे पडलेले असतात. सोसायटीच्या मोबाइल-गटांत कोणत्या मजल्यावर कोण राहतो याची यादी फिरत असते. एखाद्याच्या कन्येबरोबर शिकलेली मैत्रीण आज मालिकेंत काम करते. तिचा क्रमांक अजून त्या घरांत कोणापाशीं तरी असतो. कोणाचा भाचा रुग्णालयांत नोकरीस असतो, कोणाची सून बँकेंत. लग्नघरीं, पंगतींत, गप्पांच्या ओघांत कोणीतरी म्हणतो, "तुमच्याकडे त्यांचा नंबर असेलच, द्या कीं जरा." नाहीं म्हणणें जिवावर येतें. समोरचा मनुष्य सज्जन असतो; त्याला केवळ मुलाच्या वाढदिवसाच्या शुभेच्छा मिळवावयाच्या असतात. पण तो क्रमांक त्याच्यापाशींच राहील याची हमी तोही देऊं शकत नाहीं.

अशा वेळीं तोंडावर नकार देण्याचीही गरज नाहीं. त्यासाठीं एक साधी रीत आहे, आणि ती पूर्वींच्या घरंदाज माणसांस चांगली अवगत होती. ज्याचा पत्ता विचारला त्याचा देऊं नये. जो विचारतो त्याचा घ्यावा. "आपलें नांव आणि क्रमांक द्या, मी त्यांना कळवितों; त्यांना सवड झाली कीं ते आपणांस बोलावतील." एवढें म्हणण्यांत कोणाचा अपमान होत नाहीं. जो खऱ्या कामासाठीं आला आहे तो आनंदानें आपला क्रमांक देतो. ज्याच्या मनांत दुसरेंच कांहीं आहे, तो बहुधा तेथूनच माघारीं फिरतो.

१९८२ सालीं थेरेसा साल्डानाच्या आईला दूरध्वनीवर कोणी प्रख्यात दिग्दर्शकाचा साहाय्यक म्हणून बोलला. तिनें जें केलें त्याबद्दल तिला दोष देण्याचें धाडस कोणी करणार नाहीं. मुलीच्या सुखासाठींच तिनें तें केलें. परंतु त्या घटकेला तिच्या मुखीं एवढेंच वाक्य आलें असतें कीं, "तुमचा क्रमांक सांगा, मी तिला कळवितें," तर पुढचा सारा अनर्थ कदाचित् टळला असता. तें वाक्य आतां आपल्या घरांतील लहानथोरांनीं पाठ करून ठेवावें.